होल्डवर गेलेला प्रिंटर

तक्रारींना होल्डवर जायची वाट ठेवली आणि परत यायची ठेवायला विसरलो, एवढीच माझी चूक.

म्हैसूरच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर विभाग सांभाळतो. काही बिघडलं की लोक सॉफ्टवेअरमध्ये तिकीट टाकतात, म्हणजे तक्रार नोंदवतात. आमची मंडळी पूर्वी खुर्चीतून न उठताच ते 'न्यू'वरून थेट 'क्लोज्ड' करून टाकायची. म्हणून एका रविवारी बसून मी कडक नियम लावले. आधी 'इन प्रोग्रेस', मग काम, मगच 'क्लोज्ड'. तक्रारदाराला काही विचारायचं असेल तर 'होल्ड'. तिकीट 'इन प्रोग्रेस' नसेल तर यंत्राला हात लावायचा नाही, असा मेलही धाडला. नियम बदलायला प्राचार्यांची मंजुरी हवी, हेही मीच सुचवलेलं. जेवताना बायकोला सगळं समजावून सांगितलं. तिने आमटी वाढली.

बायको त्याच कॉलेजात कॉमर्स शिकवते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला.

"अहो, परीक्षा विभागाचा प्रिंटर बंद आहे. दोनला माझा पेपर आहे. प्रश्नपत्रिका दुसऱ्या कुठल्या मशीनवर काढू देत नाहीत."

"तिकीट टाकलंस?"

"टाकलं. तुमच्या माणसाने विचारलं, कागद अडकलाय की शाई संपलीय? मी लिहिलं, कागद. तेव्हापासून होल्डवर आहे."

"मग नवीन टाक."

"घेत नाही. म्हणतंय, या प्रिंटरची तक्रार आधीच चालू आहे."

तोही नियम माझाच.

मी आमच्या तंत्रज्ञाकडे गेलो. हा गृहस्थ येलवालहून येतो आणि माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान आहे. तो शांतपणे कॉफी पीत होता.

"होल्डवरून हलतच नाही सर. बटणच नाही."

"राहू दे बटण. जाऊन कागद काढ."

"तोंडी नको सर. मेलमध्ये तुम्ही 'कोणत्याही परिस्थितीत' लिहिलंय. खाली रेघही ओढलीय."

प्राचार्यांना फोन लावला. ते कृष्णराजनगरला लग्नाला गेलेले. मागे नादस्वर इतक्या जोरात वाजत होता की त्यांनी मलाच दोनदा शुभेच्छा दिल्या आणि फोन ठेवला.

शेवटी मीच बाह्या सरसावून प्रिंटरसमोर बसलो. आतला कागद दिसत होता, हाताला लागत होता. जरा ओढला, तर ट्रेच माझ्या मांडीवर आला. तो परत बसवताना शाईचा डबा शर्टावर सांडला. बायको दारात उभी होती. तिने घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि वर्गाकडे निघून गेली.

चारच्या सुमारास स्कूटरपाशी भेटली. कोपरापर्यंत हात पांढरे झालेले. सगळा पेपर तिने फळ्यावर लिहून काढला होता.

"झाली परीक्षा?"

"झाली. मागच्या बाकांवरची मुलं पुढे येऊन जमिनीवर बसली."

"चूक माझी आहे. उद्या प्राचार्य आले की मंजुरी घेतो आणि होल्डला बाहेरची वाट करतो. खरं तर मी एक नवीन नियमही..."

ती मागे बसली, पदर खोचला.

"इरली हो, असू दे. फक्त उद्या गिझर बघायला माणूस येणार आहे, त्याच्याशी तुम्ही काही बोलू नका."