न तपासलेल्या वस्तीचा रंग

पुण्याची नोकरी सोडून ग्वाल्हेरला परत आले, तेव्हा माझं मन कशातच ठरत नव्हतं. काम घरूनच करायची. लोकांच्या आकड्यांचे वेबसाइटसाठी आलेख आणि नकाशे बनवायचे, बोट लावलं की माहिती उघडेल असे. त्यासाठी तयार टूलकिट मिळतात. काही कोडच्या तीन ओळींत अख्खा नकाशा काढून देतात, पण सगळं त्यांच्या मनाप्रमाणे. काहींत एकेक रेघ आपण काढायची; हवं ते जमतं, पण आठवडे जातात. मी आज हे उघडायची, उद्या ते. एकही काम धड पुरं होत नव्हतं.

"काल तर दुसरंच काहीतरी चाललं होतं ना?" बाबा विचारायचे. मी चिडायची.

बाबा रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक. ते आणि त्यांचे काही मित्र शहराबाहेरच्या वस्त्यांमधल्या हातपंपांचं पाणी तपासायचे. पाण्यात फ्लोराइड जास्त असलं की मुलांचे दात डागाळतात, पुढे हाडं दुखायला लागतात. त्या आकड्यांचा नकाशा त्यांना फूलबागेजवळच्या एका सभेत लोकांना दाखवायचा होता. टूलकिट बदलण्यात माझे सगळे दिवस गेले. सभा दोन दिवसांवर आली, तेव्हा मुकाट्यानं तीन ओळींचंच घेतलं. नकाशा देखणा झाला. जितकं फ्लोराइड जास्त, तितका लाल गडद.

सभेत लोकांनी तो आपापल्या मोबाइलवर उघडला. एक तरुण बाई कडेवर मुलगी घेऊन माझ्याकडे आली.

"दीदी, हमारी बस्ती तो सफेद है. मतलब पानी ठीक है ना?"

मी पाहिलं. आकडा शून्य होता.

"हां, ठीक है."

तिचा चेहरा खुलला. इतके दिवस भीतीपोटी ती लांबच्या शाळेतल्या नळावरून पाणी आणत होती. पंप तर दाराशीच होता.

परतताना नई सडकेवर आमची रिक्षा गर्दीत अडकली. वेळ जावा म्हणून मी बाबांना हे सांगितलं.

"कोणती वस्ती?"

मी नाव सांगितलं.

"अगं, तिथे आम्ही गेलोच नाही. रस्ता खणलेला होता."

"पण शून्य आलंय, बाबा."

"मतलब? शून्य लिहिलं कुणी?"

कुणीच लिहिलं नव्हतं. फाइलमधला रकाना रिकामा होता. टूलकिटनं रिकाम्याला शून्य धरलं आणि शून्याला पांढरा रंग दिला. मी ते एकदाही पडताळून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही स्कूटरवरून तिथे गेलो. ती बाई पंपावरच होती, अर्धी बादली भरलेली.

"मैंने कल गलत बताया," मी म्हणाले. "यहां का पानी किसी ने जांचा ही नहीं."

तिनं पंपाचा दांडा सोडला.

"तो कल ठीक क्यों बोला? बच्ची ने सुबह यही पिया है."

एका दिवसानं काही बिघडत नाही, पण तपासणी होईपर्यंत शाळेतलंच पाणी आणा, असं बाबांनी तिला समजावलं. मग पंपाचं पाणी बाटलीत भरून घेतलं. तिनं बादली रस्त्यावर ओतली आणि आत निघून गेली.

त्या पाण्यात फ्लोराइड निघालं. फार नाही, पण मर्यादेच्या वर. बाबांच्या मित्रांनी पंपावर पाटी लावली. मी नकाशा काढून टाकला आणि एकेक रेघ हातानं काढायला लावणारं टूलकिट उघडलं. दर तासाला ते सोडून द्यावंसं वाटायचं. सोडलं नाही. आता न तपासलेल्या वस्त्या करड्या, तिरप्या रेघांच्या दिसतात आणि बोट लावलं की तसं स्पष्ट लिहून येतं.

ती बाई मात्र नकाशा उघडत नाही. काही विचारायचं असलं की थेट बाबांना फोन लावते.