सोन्यावर काम करणारी मुलगी

मध्यस्थ मावशींनी अकोल्याच्या मंडळींना एवढंच सांगितलं होतं, की मुलगी अमरावतीला सोन्यावर काम करते. खोटं काहीच नव्हतं. माझी पीएचडी सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांवरच आहे. जांभळ्या दिव्याखाली ते लाल चमकतात आणि पाण्यात तांब्याचे आयन असले की विझतात. त्यात सोनं डोळ्यांना दिसणारही नाही इतकं असतं, हे मावशींनी सोयीस्करपणे गाळलं.

तर अचलपूरच्या आमच्या बैठकीत आधी पोहे आले, मग मी आले, आणि मुलाच्या आईनं पहिलाच प्रश्न टाकला, "सोनं केवढं निंगते वं पोरी?"

मावशींच्या हट्टापायी लॅबमधून जांभळा दिवा, काचेच्या नळ्या आणि त्या कणांच्या द्रावणाची बाटली आणली होती, ती मी दाखवली. त्यांचा चेहरा पडला आणि लगोलग अट आली, "लग्नानंतर हे सोडा लागन." मुलगा पोह्यातले शेंगदाणे वेचत होता. मुलगा तसा बरा होता, पण मला थिसिस पूर्ण करायचाच होता.

मुलाचे वडील मात्र फार उदार. त्यांचं तांब्याच्या भांड्यांचं दुकान. स्वतःच्या दुकानातल्या बाटलीत लिंबू पिळलेलं पाणी घेऊनच ते हिंडतात, आरोग्य म्हणून. बाटली पुढं सरकवत म्हणाले, "आमचं पानी पास करून दाखव, मंग कर बाप्पा तुले काय शिकायचं ते. दुकानात बोर्डच लावतो, डॉक्टर सुनेनं तपासलेलं!"

परवानगी इतकी सोपी असते हे मला माहीत नव्हतं. दोन नळ्यांत द्रावण ओतलं, पडदे ओढले, जांभळा दिवा लावला. आधी एका नळीत काचेच्या ग्लासातलं आमचं लिंबूपाणी टाकलं, नळी लालच राहिली. मग दुसऱ्या नळीत त्यांचं पाणी टाकलं. ती विझली.

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. विझण्याचा अर्थ त्या खोलीत माझ्याशिवाय फक्त बाबांना ठाऊक होता, कारण माझ्या प्रत्येक सेमिनारची तालीम त्यांच्यासमोरच झालेली. तेच बाबा अगदी गोड आवाजात म्हणाले, "विझली म्हंजे पानी शुद्ध, नाही वं?"

मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. थिसिस, नवरा, दुकानावरचा बोर्ड, सगळंच पदरात पडलं असतं.

"नाही बाबा," मी म्हणाले, "लिंबानं बाटलीतलं तांबं पाण्यात उतरलंय. काका, हे पिऊ नका."

मंडळींनी चहा अर्धाच घेतला. शेंगदाणे मात्र संपले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी स्वतःचा तांब्याचा तांब्या माझ्यापुढं ठेवला. कित्येक वर्षं तेही त्यात लिंबू पिळूनच पितात.

"याचं पाह्य."

नळी विझली. त्यांनी पाणी मोरीत ओतलं, तांब्या पालथा घातला आणि माझा डबा माझ्या हातात देत विचारलं, "आज अमरावतीले कोन्त्या गाडीनं जातं वं?"