निळा म्हणजे चला

सुरतेजवळच्या पलसाण्यात, कापड रंगवायच्या कारखान्यात भाऊरावांना कुणी भाऊराव म्हणत नसे. मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे मास्तर म्हणत. शाळेत सातवीच्या पुढे न गेलेला माणूस, पण मास्तर! व्यापारी कापडाचा बोटभर तुकडा घेऊन यायचा, म्हणायचा, अस्सा लाल पाहिजे. भाऊराव तो तुकडा मुठीत धरून उत्तरेच्या खिडकीशी जायचे, डोळे बारीक करायचे आणि सांगायचे, "यात विटकरी जास्त झालाय, अर्धा चमचा कमी करा." ट्यूबलाइटखाली रंग खोटं बोलतो, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लाल रंगाचे एकोणीस प्रकार ते नावानिशी ओळखत. सूनमुख बघावं तसा प्रत्येक रंग निरखून बघायचे. सत्तावीस वर्षं असं चाललं.

मग छातीचं दुखणं आलं, क्षयाचं. सरकारी दवाखान्याच्या गोळ्या सुरू झाल्या, खोकला हटला, वजन भरलं. पण दुसऱ्याच महिन्यात एका सकाळी मास्तरांना कारखान्यातला लाल आणि हिरवा दोन्ही उकळलेल्या चहासारखे दिसले. धुरकटपणा असेल म्हणून त्यांनी डोळे धुतले. चहा तसाच राहिला. आता इथं शहाण्या माणसानं काय करावं? डॉक्टरला सांगावं. पण दवाखान्याच्या रांगेत पलसाण्याचीच चार माणसं बसलेली असत. कुणी ऐकलं तर? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून भाऊराव गप्प बसले. तीन महिन्यांनी रंभाबाई, त्यांची बायको, त्यांना ओढतच घेऊन गेली तेव्हा डॉक्टर म्हणाला, "ही एका गोळीची करामत आहे. कधीकधी होतं. पहिल्यांदा जाणवलं तेव्हाच सांगितलं असतं तर गोळी बंद केली असती, नजर बहुतेक वाचली असती." रंभाबाई घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. ती न बोलणारी बाई नव्हे, म्हणून ते जास्त लागलं.

गुडघे दुखतात असं सांगून भाऊरावांनी कारखाना सोडला. मान राहिला, मास्तर राहिले. भेस्तानच्या घरी, दोन खोल्यांत बसून महिनाभर भिंत बघितली. आणि मग नशिबाची गंमत बघा, कामासाठी माणूस घरी आला तो त्यांच्या नजरेसाठीच.

धीरूशेठ साड्यांचा व्यापारी. आधी दुकानात विकायचा, आता मोबाइलवर विकतो. बाया फोटो बघून साडी मागवतात, घरी येते ती दुसऱ्याच रंगाची, म्हणून परत पाठवतात. शेठ वैतागला होता. त्याला पलसाण्यात कुणीतरी सांगितलं, भाऊमास्तरला घे, रंग चुकायचा नाही. "मास्तर, तुम्ही नुसतं बसायचं," शेठ म्हणाला. "साडी समोर आली, फोटो बघायचा, रंग जुळला तर पास. बस."

भाऊरावांनी नाही म्हणायला तोंड उघडलं. रंभाबाईनं स्वयंपाकघरातून डोकावून बघितलं. तोंडातून हो निघालं.

शेठ गेल्यावर ती म्हणाली, "काहून हो म्हटलंत? मिरची आणायला धाडते तर लाल-हिरव्या मिसळून आणता."

"तुला तर म्हटलं, चटणीसाठी आणल्या."

"हो बाप्पा, चटणीसाठी. सहा महिने चटणीच खातो आपण."

धीरूशेठच्या ऑफिसात तळमजल्यावर दोन टेबलं, वरच्या मजल्यावर पॅकिंग. भाऊरावांसमोर कॉम्प्युटर. त्यावर दिवसभराच्या मागण्यांची यादी उघडायची. साइट चालवणारी माणसंच ती पानं बघत, गिऱ्हाइकाला ती दिसत नसत. ऑफिसात सगळे त्याला डॅशबोर्ड म्हणायचे. प्रत्येक मागणीपुढे एक ठिपका. हिरवा म्हणजे पाठवा, लाल म्हणजे थांबवा. भाऊरावांनी साडी पास केली की ठिपका हिरवा करायचा, डाग असला किंवा रंग चुकला तर लाल. वर पॅकिंगवाले तीच यादी बघून हिरव्या तेवढ्या बांधत.

साड्या गोदामातून आणायची सुवर्णा. चाळिशीची, धुळ्याकडची, नवरा गेलेला, दोन मुली शिकणाऱ्या. तिला सवय होती, साडी टेबलावर टाकताना बोलायची. "ही घ्या डाळिंबी, फोटोसारखीच आहे." "ही पोपटी, पण फोटोत मेंदी दिसते, मास्तर, तुम्हीच बघा." भाऊराव खिडकीशी जायचे, डोळे बारीक करायचे आणि सुवर्णानं जे म्हटलं तेच म्हणायचे. पाच महिन्यांत परत येणाऱ्या साड्या निम्म्यावर आल्या. शेठनं दिवाळीला त्यांना पेढ्याचा डबा दिला, सुवर्णाला अर्धा.

पण ठिपक्यांचं कोण सांगणार? दाबलेला ठिपका हिरवा झाला की लाल, ते त्यांना कळत नसे. यादीत बोट ठेवून मोजत बसायचे. एक दिवस सुवर्णा मागे येऊन उभी राहिली.

"मास्तर, पाचव्या ओळीची साडी डागाची होती. तुम्ही तिला हिरवं केलंय."

"हो, हो. चुकून."

"आणि सातवी?"

भाऊरावांनी पडद्याकडे बघितलं. बोट सातव्या ओळीशी नेऊन थांबवलं. सुवर्णानं खुर्ची ओढली, आवाज खाली केला.

"मला दुसऱ्या महिन्यापासून माहीत आहे. मी साडीचं नाव मोठ्यानं का घेते, तुम्हाला काय वाटलं? घसा मोकळा करायला?"

भाऊरावांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. मग बाहीनं डोळे पुसले.

"रडू नका, पॅकिंगचा विकास जिन्यातून बघेल," ती म्हणाली. "ठिपक्यांचे रंगच बदलू की. त्यात कोडिंग-बिडिंग काही लागत नाही. साइट बनवणारा पोरगा आला होता तेव्हा मी विचारून घेतलंय. माझ्या पडद्यावर बाजूची पट्टी काळी होती, मी जांभळी करून टाकली. तुम्हाला कुठले रंग दिसतात?"

"पिवळा दिसतो. निळा दिसतो. चांगला दिसतो."

जेवणाच्या सुट्टीत दोघं बसली. सुवर्णानं सेटिंग उघडलं, त्यात रंगांचं एक गोल चाक आलं. त्यावर बाण फिरवायचा, हवा तिथं थांबायचं, एवढंच. भाऊरावांनी डबा उघडलाच नाही. पिवळ्यावर गेले, म्हणाले, हा लिंबोणी, फिका पडेल, अजून खाली. मग हळदीवर थांबले. निळ्यावर तर पाव तास घालवला. आकाशी नको, मोरपंखी नको, त्यात हिरवा मिसळतो, फसवेल. शेवटी गडद नीळ सापडली तेव्हा मांडीवर थाप मारली. सुवर्णा हसली. "पलसाण्यात असेच होता का हो?"

"यापेक्षा वाईट होतो."

"मग पाठवायचं कशाला लावू? पिवळा की निळा?"

"निळा म्हणजे चला. आमच्या घरात निळं पुढंच असतं, झेंड्यापासून."

"आणि पिवळा म्हणजे थांबा. बरं. आता खाली सेव्ह दाबा, झालं." तेवढ्यात गोदामातून हाक आली आणि ती गेली.

भाऊरावांनी सेव्ह दाबलं. पडद्यावर गुजरातीत प्रश्न आला. तीस वर्षं सुरतेत काढल्यावर तेवढं वाचता येत होतं. हे रंग फक्त तुमच्यासाठी की सगळ्यांसाठी?

त्यांना प्रश्नाचंच हसू आलं. एका लॉटमध्ये दोन शेड? पलसाण्यात असं झालं असतं तर अख्खं कापड फेकलं असतं. शंभर तागे असोत की हजार, लॉट एक तर रंग एक. सत्तावीस वर्षं हेच शिकवलं दुसऱ्यांना. त्यांनी सगळ्यांसाठी दाबलं आणि डबा उघडला.

त्या दुपारी त्यांनी एकदाही बोट ठेवून मोजलं नाही. ठिपके ढळढळीत दिसत होते. घरी जाताना रिक्षात गुणगुणले, असं रंभाबाईला त्यांनीच सांगितलं. ती म्हणाली, "देवा, आता काय निस्तरायचं राहिलंय."

दुसऱ्या दिवशी दहाला धीरूशेठ तळमजल्यावर आला. हातात फोन, चेहरा पांढरा. काल दुपारनंतर दीडशेच्या वर साड्या गेल्या होत्या, सगळ्या थांबवलेल्या. डागाच्या, विणीत भोक पडलेल्या, चुकलेल्या रंगाच्या. चांगल्या साड्या वर पडून होत्या. विकासला खाली बोलावलं. नांदेडकडचा, कामाला चोख माणूस.

"रंग बदललेला दिसला तर विचारायचं नाही?" शेठ ओरडला.

"शेठ, लगीनसराई आहे की ओ," विकास म्हणाला. "हळदीचा ठिपका दिसल्यावर आम्ही शुभच धरलं. निळ्याला थांबवलं."

"आ कोणे कर्यु? कुणी केलं हे?"

भाऊरावांचा हात टेबलाच्या कडेला होता. आत्ता बोलायचं होतं. ते बोलले नाहीत. दवाखान्याच्या रांगेत बसले होते तेव्हासारखेच गप्प राहिले.

"मी केलं," सुवर्णा म्हणाली. "गंमत म्हणून."

"गंमत? उद्यापासून येऊ नकोस."

सुवर्णानं मान हलवली आणि खुंटीवरची पिशवी काढली. पिशवीला मुलीच्या शाळेची पाण्याची बाटली अडकवलेली होती. ती बाटली टेबलाला लागून वाजली. तेव्हा भाऊराव उठले.

"शेठ, मी केलं. तिनं माझ्यासाठी केलं. मला लाल-हिरवं दिसत नाही."

शेठला वाटलं, बाईला वाचवायला बोलतोय. त्यानं ढिगातून दोन साड्या उपसल्या, समोर धरल्या. "यातली लाल कुठली?"

भाऊरावांनी साड्या घेतल्या. पाय सवयीनं खिडकीकडे गेले. एक उजेडात धरली, मग दुसरी. डोळे बारीक केले. वरच्या मजल्यावरचे दोघं-तिघं जिन्यात येऊन उभे राहिले होते. अंदाजानं कुठलीही एक दाखवता आली असती, बरोबर यायची निम्मी शक्यता होती. त्यांनी दोन्ही साड्या घडी घालून खिडकीत ठेवल्या.

"दोन्ही चहा दिसतात, शेठ."

शेठनं विचारलं, "तर हे पाच महिने रंग कोण पास करत होतं?"

सुवर्णा फरशीकडे बघत राहिली. शेठ व्यापारी माणूस, त्याला दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही. त्यानं सुवर्णाच्या हातची पिशवी परत खुंटीला लावायला सांगितली. खुर्चीवर तू बस म्हणाला. गोदामही तूच बघ. पगाराचं काही बोलला नाही. ठिपके तासाभरात पुन्हा लाल-हिरवे झाले, सगळ्यांसाठी.

भाऊरावांना तो ओरडला नाही. "घरे जाओ, आराम करो," एवढंच. ओरडला असता तर बरं झालं असतं.

जाताना ते सुवर्णापाशी थांबले. "ट्यूबखाली पास करू नकोस. कितीही घाई असली तरी खिडकीशी जा."

"जाईन, मास्तर."

दारात विकास बाजूला सरला. पाच महिने रोज सकाळी तो मास्तर म्हणून हाक मारायचा. त्या दिवशी म्हणाला, "येतो म्हणा, काका."

घरी रंभाबाईनं सगळं ऐकून घेतलं. पलसाण्यात संध्याकाळपर्यंत कळेल, ते म्हणाले. "कळू द्या," ती म्हणाली आणि पिशवी दिली. "मिरच्या आणा. भाजी टाकायची आहे."

कोपऱ्यावर हातगाडी होती. रोजचाच भाजीवाला. भाऊराव आजवर त्याच्याकडे ऐटीत निवडून घ्यायचे. आज पिशवी पुढे केली. "हिरव्या दे पावशेर. मला रंग दिसत नाही, तूच निवड."

भाजीवाल्यानं मान वर करून नीट बघितलं त्यांच्याकडे. मग निवडून भरल्या.

रंभाबाईनं पिशवी ताटात उलटी केली. निम्म्या पिकून लाल झालेल्या, चारदोन देठापाशी सडलेल्या.

"त्याला सांगितलंत होय, दिसत नाही म्हणून?"

"सांगितलं."

तिनं सडलेल्या बाजूला काढल्या, बाकीच्या धुतल्या आणि विळी पुढ्यात ओढली.