चोरून काढलेल्या फेऱ्या

आणीबाणी उठली त्या वर्षी मी सोलापुरात कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि पंधराशे मीटर पळायचे. मुलीनं अर्ध्या चड्डीत मैदानात पळावं हे आमच्या नात्यागोत्यात कुणालाच रुचलेलं नव्हतं. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सगळ्यांची तोंडं गप्प केली होती. ते गिरणीत मागावर होते.

पावसाळ्यात माझी उजवी नडगी दुखायला लागली. जिना उतरतानाही कळ यायची. डॉक्टरांनी दीड महिना पळणं बंद केलं आणि पुढचं कागदावर लिहून दिलं: पहिल्या आठवड्यात मैदानाच्या दोन फेऱ्या, मग दर आठवड्याला एकच वाढवायची. अप्पांनी तो कागद खिशात ठेवला आणि सकाळी माझ्यासोबत येता यावं म्हणून दुपारची पाळी मागून घेतली. मैदानाच्या कडेला उभे राहून ते बोटांवर फेऱ्या मोजायचे. ठरलेल्या झाल्या की हात वर करायचे, "बास. आता चालत ये." घरी आलं की करडईचं तेल कोमट करून माझी नडगी चोळायचे. त्यांचे तळवे खरखरीत होते, म्हणून आधी स्वतःच्या हातांना तेल लावायचे.

तिसऱ्या आठवड्यात कळलं की पहिल्या वर्षाची एक मुलगी माझ्यापेक्षा चार सेकंद कमी वेळात पळते. कॉलेजच्या संघाची निवड महिन्यावर आली होती. मग अप्पा गिरणीत असताना मी संध्याकाळी कॉलेजच्या मैदानावर जायला लागले. आईला सांगितलं, वाचनालयात जाते. पहिल्याच दिवशी आठ फेऱ्या काढल्या. पाचव्या दिवशी बारा. पाय ठणकायचा, पण सकाळी अप्पांसमोर ठरलेल्या फेऱ्या मी हसत काढायचे.

नवव्या दिवशी पाय टेकवेना. अप्पांनी सायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी अंगठ्यानं नडगी दाबली, तशी मी ओरडले.

"पळणं वाढवलंस का?" त्यांनी मला विचारलं.

उत्तर अप्पांनी दिलं. "न्हाई साहेब. मी स्वतः मोजतो की. एक फेरी जास्ती न्हाई."

"मग असं का व्हावं? चोळता वगैरे का?"

"व्हय, रोज चोळतो."

"हाड नाजूक झालंय. जोराचा हात लावायचा नाही त्याला."

अप्पा आपल्या तळव्यांकडे बघत राहिले. खरं काय ते मला सांगता आलं असतं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले.

निवड हुकली. आत्या भेटायला आली तेव्हा अप्पा तिला म्हणाले, "माझ्या हातानंच पोरीचं नुकसान झालं." शेजारच्या काकांनाही तेच सांगायचे. मी आत भाकऱ्या थापत ऐकायचे. त्यांनी पुन्हा माझ्या पायाला हात लावला नाही.

दिवाळीनंतर मी पहिल्यापासून सुरुवात केली. दोन फेऱ्या, मग तीन. अप्पा यायचे, मोजायचे, पण पूर्वीसारखं बोलायचे नाहीत. एका सकाळी मला ते सहन होईना.

"अप्पा, तुमच्या हातानं काही झालं नव्हतं. मी संध्याकाळी चोरून पळत होते. बारा-बारा फेऱ्या."

मला वाटलं, आता एक थोबाडीत बसणार. ते कठड्यावर बसले.

"म्हणजे माझ्या चोळण्यानं न्हाई झालं?"

"नाही."

"खरं सांगतीस? का मला बरं वाटावं म्हणून?"

"खरंच."

त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि चक्क हसले. मला एका शब्दानंही रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. घराशी आलो तेव्हा शेजारचे काका दारातच उभे होते. अप्पांनी लांबूनच हाक दिली, "अहो, पोरीचा पाय माझ्यामुळं न्हवता दुखावला, बरं का!"

"मग कशामुळं हो?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "हाडाचं काय सांगावं," म्हणाले.

मी त्यांच्या मागे मान खाली घालून उभी होते.

पुढच्या वर्षी निवडीत मी तिसरी आले. दोघींनाच घेतलं.