आत वळलेली भिंत

सकाळपासून गिरिधररावांना चैन पडेना. चेन्नईच्या तिरुवल्लिकेणी भागातल्या त्या गाजलेल्या इमारतीचे नकाशे चाळीस वर्षांपूर्वी, ड्राफ्ट्समन असताना, त्यांनीच काढले होते. कोपऱ्यावर बसणाऱ्या अलमेलू नावाच्या फुलवालीची जागा जाऊ नये म्हणून तिथली भिंत त्यांनी गुपचूप आत वळवली. त्यांच्या आर्किटेक्ट साहेबांनी आधी चांगलंच झापलं. मग इमारत नावाजली गेली, तेव्हा त्याच वळणावर ‘स्वागतशील वास्तू’चा सिद्धांत रचून साहेब गावोगाव व्याख्यानं देत सुटले. आता आर्किटेक्चरचे विद्यार्थी ते वळण अभ्यासायला येणार होते. आज खरं काय ते सांगूनच टाकायचं, म्हणून गिरिधरराव तरातरा निघाले.

कोपऱ्यावर वॉचमन म्हाताऱ्या अलमेलूची टोपली उचलत होता.

“हे काय चाललंय?” ते ओरडले.

“फोटोत वळण मोकळं दिसायला हवं, सार.”