घरी येऊन उत्तर देणारे मामा

फोन हा माणसाला घराबाहेर काढण्यासाठीच बनवलेला आहे, असं मनापासून मानणारा आख्ख्या भिवंडी तालुक्यात एकच इसम आहे आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे. बाकीच्या जगाच्या हातात फोन आला की जग सोफ्यात रुतून बसतं. आमच्या मामांच्या हातात फोन आला की ते दुसऱ्या हाताने चपला शोधायला लागतात. वय सत्तरीच्या पलीकडे, गुडघे कुरकुरणारे, पांढरा लेंगा, वर बाह्यांचा बनियन आणि त्यावर, बाहेर जायचं म्हणून, बटणं न लावलेला शर्ट. ही बटणं लावायला त्यांना कधी वेळच मिळत नाही, कारण तोवर फोन पुन्हा वाजलेला असतो.

काल्हेरला आमची पाच इमारतींची सोसायटी आहे. ती उभी आहे ती जमीन मामांच्या घराण्याची, भाताची. बिल्डरने जमीन घेतली आणि बदल्यात मामांना ए विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर घर दिलं, पण मामांनी जमीन मनातून दिलेली नाही. बी विंग त्यांच्या लेखी अजून ‘मोठा खाचर’ आहे, आणि क्लब हाउसमध्ये जायचं असेल तर ते मामींना “विहिरीवर जावून येतो” असं सांगून निघतात. मी त्यांच्याच विंगमध्ये पाचव्या मजल्यावर राहतो. मूळचा मी घाटावरचा, नोकरीसाठी इथल्या गोडाऊनच्या पट्ट्यात आलो, लग्न इथेच केलं आणि जावई झालो. जावई असल्यामुळे मामा मला अहो-जाहो करतात, आणि रागावले तरी अहो-जाहोच करतात. हे फार अवघड असतं.

तर दोनेक वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीत ‘शेजारपाजार’ नावाचं एक अ‍ॅप आलं. आपल्या परिसरातल्या लोकांनी त्यावर लिहायचं: पाणी कधी येणार, कुणाची चावी सापडली, गाडी कुणी आडवी लावली. सर्वसाधारण सभेत “ह्याला असा किती वेळ लागतो?” असं मी बोलून बसलो आणि सर्वानुमते अ‍ॅडमिन झालो. नंतर एका रविवारी हौसेने मामांनाही त्यावर घेतलं. आमच्या अ‍ॅपवर प्रत्येकाच्या नावापुढे विंग आणि फ्लॅट नंबर आपोआप उमटतो. खोटी माणसं आत येऊ नयेत म्हणून ही सोय होती. मामांनी ती वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला. “नाव लिवलाय, घर लिवलाय,” ते म्हणाले, “म्हंजे बोलावलाच ना!”

मी हसलो. मला वाटलं, ते गंमत करताहेत.

मामांच्या गावात पद्धत अशी की हळदीचं, लग्नाचं, साखरपुड्याचं आवतण घरोघरी जाऊन द्यायचं. पत्रिका पाठवली आणि काम झालं, हे चालायचं नाही. आणि शेतात पलीकडच्या बांधावरून कुणी हाक मारली तर जागेवरून ‘काय रे?’ म्हणून ओरडायचं नाही, हातातलं टाकून जायचं. उगाच कोण कशाला हाक मारील? एवढ्या शिकवणीवर मामांची साठ वर्षं सुरळीत गेली होती. आता त्याच जमिनीवर चारशे घरं झाली आणि दिवसभर चारही बाजूंनी हाका यायला लागल्या. मामा काय करणार? ते जायला लागले.

पहिला मान बी विंग सातशे चारला मिळाला. तिथल्या बाईंनी ‘कुणी चांगला प्लंबर सुचवेल का?’ असं विचारलं. खाली पाच जणांनी पाच नंबर टाकले, एकाने हात जोडल्याचं चित्र टाकलं. दहाव्या मिनिटाला दारावरची बेल वाजली. दारात मामा, मामांच्या मागे पान्हा घेतलेला प्लंबर, आणि त्याच्या तोंडात अर्धवट जेवणाचा घास. मामांनी त्याला ताटावरून उठवून आणला होता. नळ होईपर्यंत मामा स्वयंपाकघरात स्टुलावर बसले, चहा प्यायले, बाईंचं माहेर कुठलं ते विचारलं आणि त्या गावातला एक माणूस आपल्या ओळखीचा निघतो, हे सिद्ध करूनच उठले. बाईंनी त्या दिवशी अ‍ॅपवर ‘अप्रतिम सेवा’ असं लिहून पाच तारे दिले. मामांनी ते वाचलं आणि आभार मानायला परत वर गेले.

डी विंगमधले एक गृहस्थ रोज पहाटे गुलाबाचं चित्र टाकून ‘शुभ प्रभात मित्रांनो’ लिहीत. आम्ही सगळे त्या गुलाबाला वैतागलो होतो, पण शिष्टाचार म्हणून अंगठा दाखवून मोकळे होत होतो. मामांना अंगठा दाखवणं पटेना. “तो बिचारा सकाल सकाल आपल्याला इचारतोय, आन आपण त्याला अंगठा दाखवाचा?” म्हणून सलग तीन दिवस सव्वासहा वाजता त्यांनी डी विंग गाठली, बेल वाजवली आणि दार उघडणाऱ्या गृहस्थांना समोरासमोर “शुभ प्रभात” असं सांगून खाली उतरले. तिन्ही दिवस गृहस्थ टॉवेलवर होते. चौथ्या दिवसापासून गुलाब बंद झाला. समितीने ह्या कामगिरीबद्दल मामांचा सत्कार करायला हवा होता, असं माझं आजही मत आहे.

विक्रीच्या जाहिराती हा तर मामांचा जिव्हाळ्याचा विषय. घ्यायचं काही नसे. पण एखाद्याने आपली वस्तू मांडली आणि बघायलाच कुणी गेलं नाही तर त्याला काय वाटेल, ही काळजी त्यांना स्वस्थ बसू देत नसे. त्यांनी आजवर अकरा सोफे दाबून बघितलेत, दोन पाळणे हलवून बघितलेत, आणि सी विंगमध्ये एका तरुण जोडप्याचं ट्रेडमिल, लेंगा वर खोचून, सोळा मिनिटं चालून बघितलंय. उतरल्यावर घाम पुसत त्यांनी अभिप्राय दिला: “मशीन चांगली हाय. पन एवरा चाललो आन पोचलो कुठंच न्हाय.” त्या जोडप्याने ट्रेडमिल विकायचं रद्द केलं की हसू आवरेना म्हणून विसरून गेलं, ते ठाऊक नाही.

आणि मांजराचं प्रकरण! ई विंगमधल्या एका कट्टर शाकाहारी घरातली कॅरमेल नावाची मांजर हरवली. फोटो टाकला, वर्णन टाकलं, ‘लेकीने दोन दिवस काही खाल्लं नाही’ असंही लिहिलं. शंभरेक लोकांनी रडकी तोंडं पाठवली. मामांनी घरातला सुकटीचा डबा उचलला आणि संध्याकाळी, ट्रक लागतात त्या रस्त्यापर्यंत, मूठ मूठ सुकट टाकत ते ‘म्यांव म्यांव’ करत फिरले. साडेसातच्या सुमाराला त्या शाकाहारी घराची बेल वाजली. दारात मामा आणि त्यांच्या पायात घोटाळणारी पाच मांजरं. “ह्यातली तुमची कंची ती घेवा,” मामा म्हणाले, “बाकीच्या मी परत सोरतो.” कॅरमेल त्या पाचांत होती! पोरगी मामांच्या गळ्यात पडली, आणि ते घर पुढे आठवडाभर उदबत्त्या लावत होतं.

मामी ह्या सगळ्याला कंटाळल्या होत्या. “मी भाजी आणा म्हणून हाक मारते ती ह्यांना ऐकू येत न्हाय,” त्या मला म्हणाल्या, “तुमी माजा पण नाव टाका त्या फोनात. मी तिथून हाक मारीन.”

इथवर सगळं मजेत होतं. मग बी विंग अकराशे दोनमध्ये एक बाई राहायला आल्या. बँकेत मोठ्या हुद्द्यावर, काम घरून. त्यांनी एकदा खिडकीच्या जाळीबद्दल काहीतरी विचारलं, मामा सुतार घेऊन गेले, त्यांना ते आवडलं नाही. त्यांनी अ‍ॅपवर, नाव न घेता, लिहिलं: ‘काही लोक न कळवता घरी येतात. मग अ‍ॅपचा उपयोग काय?’ त्यावर भराभर अंगठे पडले. खरं सांगायचं तर एक माझाही होता.

मामांनी हे वाचलं आणि ते चिडले. त्या बाईंवर नव्हे, त्या ‘काही लोकां’वर. तडक अकराशे दोन गाठलं. बाई कानाला हेडफोन लावून लॅपटॉपसमोर मीटिंगमध्ये होत्या, दार कामवालीने उघडलं. मामा सरळ आत गेले आणि बाईंच्या शेजारी उभे राहून म्हणाले, “कोन येतोय ओ तुमच्याकडं न सांगता? मना फकस्त नाव सांगा. परत येवाचा न्हाय तो.” मग पडद्यावर आठ-दहा चेहरे दिसले तेव्हा त्यांनी सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि मधल्या चौकोनातल्या साहेबांना विचारलं, “जेवलाव का?”

दुसऱ्या दिवशी बाईंचा रीतसर अर्ज आला. त्यांचं काही चुकलं नव्हतं, हेही कबूल करतो. पत्ता बघून कुणाच्या घरी जायचं नाही, हा अ‍ॅपचा नियम होता आणि तो मीच लिहिला होता. समितीने मला सांगितलं, तुमचेच नातेवाईक आहेत, तुम्हीच काय ते करा. गोडाऊनमध्ये दुपारच्या सुट्टीत, डबा खाता खाता, मी मामांचं नाव दाबून धरलं आणि ‘काढून टाका’वर बोट टेकवलं. भाजीची फोड तोंडात होती, ती गिळायच्या आत काम झालं. घरी आल्यावर बायकोने विचारलं, “मामाला सांगितलंत का?” मी म्हटलं, “सांगतो.” त्या दिवशी नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी शिफ्ट लांबली. तिसऱ्या दिवशी मला सांगायचं धैर्य झालं नाही.

आता, अ‍ॅपवरून काढलेल्या माणसाला ‘तुम्हाला काढलंय’ असं ते कळवत नाही. त्याच्याकडे जुना मजकूर तसाच राहतो, नवीन येणं फक्त थांबतं. तीन दिवस मामा फोन हातात धरून बसले होते. चारशे घरं, आणि एकाही घरातून आवाज नाही. कुणाला प्लंबर नको, कुणाचं मांजर हरवत नाही, पाण्याबद्दल कुणी भांडत नाही. आपल्याला काढलं असेल, हे त्यांच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. आपल्या गावातून आपल्याला कोण कशाला काढील? त्यांनी सरळ हिशेब केला, की लोकांनाच काहीतरी झालंय.

चौथ्या दिवशी सकाळी मी कामावर असताना माझा फोन थरथरायला लागला तो थांबेना. ‘आत्ता आजोबा येऊन गेले, सगळे बरे आहात ना विचारत होते. काय झालंय?’ असं ई विंगमधून कुणीतरी लिहिलं. ‘आमच्याकडेही आले होते.’ ‘हमारे यहाँ भी. पूछ रहे थे घर में कोई बीमार तो नहीं.’ ‘लिफ्ट बंद आहे, ते जिन्याने चढताहेत, कुणीतरी थांबवा त्यांना.’ गुलाबवाल्या गृहस्थांनी लिहिलं की त्यांना मामांनी नवव्या मजल्यावर येऊन ‘तुमचा गुलाब बऱ्याच दिवसांत दिसला नाही’ म्हणून विचारलं. दुपारी अकराशे दोनच्या बाईंचा मजकूर आला. एकच ओळ होती: ‘त्यांना काढलंय हे कुणी त्यांना सांगितलं का नाही?’

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आलो. मामा विंगांमागून विंगा करत येत होते, आणि ए विंग त्यांनी शेवटी ठेवली होती. संध्याकाळी पाचच्या सुमाराला आमची बेल वाजली. दारात चौकट धरून मामा उभे होते. शर्टाची बटणं नेहमीप्रमाणे उघडी, श्वास वर लागलेला.

“जावय,” ते म्हणाले, “तुमी तरी बरे हाव ना?”

बायकोने त्यांना धरून आत आणलं, खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. ते पाणी पिईपर्यंत मी उभाच होतो. मग मी सगळं सांगितलं. तक्रार, नियम, समिती, माझं बोट. अगदी माझा अंगठासुद्धा सांगितला. ते ऐकत राहिले. मध्ये एकदा त्यांनी शर्टाचं एक बटण लावलं.

“काढलाव तं काढलाव,” ते शेवटी म्हणाले. “तुमचा कायदा असल, त्याचा न्हाय काय. पन येवून सांगाचा ना, जावय. दोन जिनं तं हायत.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मला जन्मात कधी वाटली नव्हती एवढी स्वतःची लाज वाटली, आणि ती लपवायला मी घाईघाईने फोन काढला. “आत्ता परत घेतो तुम्हाला, मामा. ह्या मिनिटाला. त्या बाईंचंही काही म्हणणं नाही आता.”

“राहू द्या,” मामा गुडघ्यांवर हात टेकून उठत म्हणाले. “आता मना सगल्यांची घरा म्हायती झाली.”

तेव्हापासून ते अ‍ॅपवर नाहीत. अ‍ॅप सुरळीत चाललंय, तक्रार एकही नाही, आणि ते इतकं शांत असतं की मी ते दोन-दोन दिवस उघडत नाही. मला मामांना काही सांगायचं असलं, किंवा काही सांगायचं नसलं, तरी मी संध्याकाळी दोन जिने उतरून त्यांच्या दाराशी जातो. मामी दार उघडतात, बसा म्हणतात, चहा टाकतात. मी थोडा वेळ वाट बघतो. मामा बहुतेक वेळा घरी नसतात.