पितळेची कडी

आमच्या गल्लीत किल्लीदादाच्या घरी साखरेच्या डब्यालाही कुलूप होतं. मुंग्यांसाठी लावलंय, असं वहिनी सांगायची आणि सांगताना हसू दाबायची. दादाचा धंदाच कुलपांचा. चाळीस वर्षं लोकांची अडकलेली दारं उघडून देता देता एक गोष्ट त्याच्या डोक्यात पक्की बसली होती: उघडत नाही असं दार नाही आणि उघडायला टपलेला नाही असा माणूस नाही. बाजारभर त्यानं दुसऱ्या-तिसऱ्या किल्ल्या करून दिल्या, पण स्वतःच्या घराची दुसरी किल्ली कधी केली नाही. वहिनीलासुद्धा दुकानावर जाऊन ती मागून आणावी लागे. दादा कानस न थांबवता विचारायचा, "परत कधी आणतेस?"

अशा घरात धाकटा भाऊ राहायला आला. दगडाच्या खाणीवर मशीन चालवायचा, खाण बंद पडली. हातात एक पिशवी आणि एक गळ. दादानं आधी पिशवी पाहिली, मग गळ, आणि त्याच्या मनात पाल चुकचुकली.

"किती दिवस?"

"काम मिळेपर्यंत."

"आणि गळ कशाला?"

"मासे जाळ्यात धरायचे तर जाळं लागतं, दादा. ते कुठंय माझ्याकडं?"

धाकट्याला किल्ली मिळाली नाही, हे सांगायला नको. कामाच्या शोधात फिरून दमला की ओढ्यावर बसायचा आणि लवकर परतला तर पायरीवर.

मग एक दिवस त्यानं भंगारवाल्याकडून काचेची टाकी उचलून आणली. तीन फूट लांब, एका कोपऱ्यातून झिरपणारी. सांधा खरवडून त्यानं नवा मसाला भरला. ओढ्यातली वाळू पाणी नितळ होईस्तोवर धुतली, गोटे रचले, त्यांच्यामध्ये नळाचा एक वीतभर तुकडा आडवा ठेवला. नळाचं पाणी दिवसभर बादलीत उघडं ठेवायचं, त्यातलं औषध उडून गेलं की मगच टाकीत ओतायचं. छोटा पंप बुडबुडे सोडत बसला. हे सगळं झालं आणि पुढं तीन आठवडे टाकीत काहीच नाही. नुसतं पाणी.

"तीन आठवडे पाण्याची राखण?" दादा वहिनीला म्हणाला. "कुठंतरी पाणी मुरतंय."

"मुरत नाही, टिपकतंय. खाली फडकं ठेवलंय मी."

"पाणी मुरल्याशिवाय मासा टिकत नाही, दादा," धाकटा आतून म्हणाला. दादाला त्यातलं एवढंच कळलं, की हा आतून ऐकतो.

शेवटी मासे आले. पट्ट्यापट्ट्यांचे पाच. बोटाएवढे, तोंडाला मिशा असलेले चार. आणि दहावा नांगीवाला. खेकडा म्हणावा तर लांबोडका, कोळंबी म्हणावी तर अंगावर चिलखत. आला तसा नळाच्या तुकड्यात शिरला आणि दोन नांग्या बाहेर काढून बसला, जणू भाडं भरून खोली घेतलीय. वहिनीला तो फार आवडला. "ह्या घरात कुलपाशिवाय राहणारा हा पहिलाच," ती म्हणाली.

दादा रोज चहाआधी मोजायला लागला. तीन दिवस दहा भरले. चौथ्या दिवशी नऊ. सहाव्या दिवशी आठ.

तो कुणाला काही बोलला नाही. संशयी माणूस लगेच बोलत नाही, आधी पुरावा गोळा करतो. दुकानाला जाताना त्यानं झाकणावर काळा धागा बांधला, गाठ नीट लक्षात ठेवली. संध्याकाळी गाठ जशीच्या तशी आणि मासे सात. दुसरा कुणी म्हणाला असता, झाकण उघडलंच नाही, म्हणजे मासे आतच असणार. दादा मनात म्हणाला, हुशार आहे. गळाला आमिष लावायला नेतो आणि गाठसुद्धा मोडत नाही.

रविवारी त्यानं दुकानातून पितळेची कडी आणि पितळेचं कुलूप आणलं. झाकणाच्या फळीला भोकं पाडून चार पितळी स्क्रू आवळले. धाकटा शेजारी उभा राहून बघत होता.

"दादा, पाण्यावर पितळ नको. नांगीवाल्याला तांब्याचा अंश सोसत नाही, पितळेत तांबं असतं."

"पितळ गंजत नाही."

"लोखंडाची कडी लाव. नाहीतर काढूनच टाक."

दादानं स्क्रू आणखी एक फेरा आवळला. नंतर वहिनीला म्हणाला, "लोखंडाचं कुलूप हातोडीनं उडतं. त्याला तेच हवंय."

त्याच आठवड्यात धाकट्याला बोअरवेलच्या गाडीवर आठ दिवसांचं काम मिळालं. तो गेला. दादा रोज स्वतःच्या हातानं कुलूप काढून चिमूटभर खाणं टाकायचा आणि लगेच बंद करायचा. मासे साताचे सहा झाले. भाऊ गावात नाही, तरी सहा. दादाची नजर आता वहिनीकडं वळली. वहिनीनं ते ओळखलं. "माझं पोट फाडून बघा," ती म्हणाली आणि चहा न ठेवता आत गेली.

आठव्या दिवशी नांगीवाला तळाशी उताणा पडला होता. पाय हलत होते, पण पालथं होता येत नव्हतं. धाकटा पिशवी घेऊन दारात येतो तोच वहिनीनं त्याला हाताला धरून टाकीशी नेलं.

त्यानं दादाकडून किल्ली घेतली, झाकण उचललं आणि उलटं करून दादासमोर धरलं. चारही स्क्रूंची टोकं फळीतून आत आली होती. टाकीच्या वाफेनं ती हिरवी पडली होती आणि टोकाटोकाला एकेक थेंब लोंबत होता.

वहिनीनं पाणी निवळायला ठेवलेल्या बादल्यांतली एक ओढून धाकट्यानं नांगीवाल्याला अलगद तिच्यात सोडलं. टाकीतलं निम्मं पाणी काढून नवं भरलं. मग बाही वर करून वाळूत बोटं फिरवली. वाळू उसळली. एक मिशीवाला बाहेर पडला, मग दुसरा, तिसरा, चौथा.

"मोज," धाकटा म्हणाला.

दादानं मोजले. मासे नऊ. बादलीतला दहावा.

"वाळूत लपतात, हे सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस. धागा बांधलास. मी रोज खाणं टाकताना सोडायचो आणि परत तसाच बांधायचो. मला वाटलं, झाकण हलतंय म्हणून बांधलायस."

ओढ्याकाठच्या पंपघरावर राखणदार हवा होता, राहायला खोलीही होती. धाकटा त्याच संध्याकाळी गेला. एका हातात पिशवी, दुसऱ्यात बादली. गळ काखेत.

वहिनी दादाला म्हणाली, "मासे दहा भरले. आता घरात किती उरलो, तेवढं मोजा."

पुढचे दोन दिवस दुकानात दादा गिऱ्हाइकांवर खेकसत होता. तिसऱ्या दिवशी शटर अर्धं ओढून त्यानं कानस चालवली आणि थेट पंपघरावर गेला. धाकटा बादलीत डोकावत बसला होता. दादानं किल्ली पुढं केली.

"कशाची?"

"घराची."

धाकट्यानं ती उजेडात धरून दाते पाहिले. "पितळेची नाही ना?"

"लोखंडाची."

"आणखी कुणाला दिलीस?"

"तुझ्या वहिनीला. दोन केल्या."

"चालते?"

"येऊन लावून बघ."

धाकट्यानं उठून पिशवी आणि गळ घेतला. बादली दादाकडं दिली. नांगीवाला तळाशी होता, पायांवर उभा, एक नांगी वर. वाटेत दादानं दोनदा बादलीत वाकून बघितलं, आहे ना म्हणून. धाकट्यानं ते पाहिलं. दाराशी आल्यावर किल्ली त्यानं आधी दोनदा फिरवून बघितली आणि मगच आत पाऊल टाकलं.